ठाण्याचा राजा, ज्याने राज्य कसं चालावं यावरच्या ग्रंथाचा अर्थ सांगितला

ठाणे म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतात तलाव आणि लोकलची गर्दी. पण ९०० वर्षांपूर्वी हे राजधानीचं शहर होतं. तेव्हा त्याचं नाव होतं 'स्थानक', आणि इथून उत्तर कोकणावर शिलाहार घराणं राज्य करायचं. अंबरनाथचं शिवमंदिर याच घराण्याच्या काळातलं, १०६० सालचं.

याच घराण्यात पुढे पहिला अपरादित्य झाला. त्याची सुरुवात मात्र खडतर होती. गोव्याच्या कदंबांनी उत्तर कोकण जिंकून घेतलं होतं. वडिलांचं, म्हणजे अनंतदेवाचं राज्य हातातून गेलेलं. अपरादित्यानं ते लढून परत मिळवलं. ११२७ सालच्या वडवली ताम्रपटात त्याच्या या पराक्रमाचं वर्णन आहे.

पण त्याचं नाव टिकलं ते एका ग्रंथामुळे.

याज्ञवल्क्यस्मृती हा आचार, न्यायनिवाडा आणि प्रायश्चित्त सांगणारा जुना ग्रंथ. त्यावर अपरादित्याच्या नावानं मोठी टीका, म्हणजे सविस्तर स्पष्टीकरण लिहिलं गेलं. तीच 'अपरार्क' म्हणून प्रसिद्ध झाली. आदित्य काय आणि अर्क काय, दोन्हीचा अर्थ सूर्यच.

या स्मृतीत राजधर्माचं एक प्रकरण आहे. त्यात राज्याची सात अंगं मोजली आहेत : राजा, अमात्य, प्रजा, किल्ला, खजिना, दंड आणि मित्र. कौटिल्यानंही हीच सात सांगितली होती. म्हणजे राजा सर्वेसर्वा नाही, तो सातांतला एक. शिवाय प्रजेला छळलं तर त्या संतापाची आग राजाचं घराणं, संपत्ती आणि प्राण घेतल्याशिवाय विझत नाही, असा इशाराही स्मृती देते. राज्य जाणं म्हणजे काय हे ज्यानं स्वतः भोगलं, त्याच्याच नावावर या प्रकरणाचं स्पष्टीकरण आहे.

याच स्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वरानं थोडी आधी लिहिली होती, चालुक्यांच्या कल्याणीत. हे कल्याण म्हणजे डोंबिवलीच्या पुढचं स्टेशन नव्हे, तर बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.

अपरादित्याचा संपर्क थेट काश्मीरपर्यंत होता. त्यानं तेजकंठ नावाचा पंडित तिकडे दूत म्हणून पाठवला होता. तिथल्या विद्वानांच्या सभेतली त्याची हजेरी मंख कवीनं 'श्रीकंठचरित' काव्यात नोंदवून ठेवली आहे. पुढे काश्मीरच्या पंडितांनी धर्मशास्त्रासाठी अपरार्काचाच ग्रंथ प्रमाण मानला.

१३व्या शतकात देवगिरीच्या यादवांनी उत्तर कोकण घेतलं आणि ठाण्याचं शिलाहार राज्य संपलं. ग्रंथ मात्र उरला. १९०३-०४ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रमानं तो दोन भागांत छापला.

राजाचे किल्ले आणि खजिना गेला, पण ठाण्याच्या राजानं राज्याचा जो अर्थ लावला, तो आजही वाचता येतो.