पहिलं प्लास्टिक टिकण्यासाठी बनलं होतं, मग ते ‘वापरा आणि फेका’ कसं झालं? जाणून घ्या लिओ बेकलँड यांच्याविषयी

प्रेशर कुकरचं काळं हँडल, जुन्या घरातले गोल काळे स्विच, तबकडी फिरवायचे जड टेलिफोन. या वस्तू ज्या पदार्थापासून बनत, त्याला इलेक्ट्रिशियन आजही बॅकेलाईट म्हणतात. हे जगातलं पहिलं पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक. ते तयार करणारे शास्त्रज्ञ म्हणजे लिओ बेकलँड. कॅरीबॅग, स्ट्रॉ आणि प्लास्टिकच्या ग्लासवर बंदी आणावी लागली, त्या कहाणीची सुरुवात त्यांच्या प्रयोगशाळेत होते. पण त्यांनी बनवलेला पदार्थ फेकण्यासाठी नव्हताच.

कोण होते लिओ बेकलँड?

१४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात त्यांचा जन्म झाला. वडील चप्पल-बूट शिवायचे, आई घरकाम करायची. अभ्यासात हुशार असलेल्या लिओ यांनी १८८४ मध्ये, अगदी तरुण वयात, गेंट विद्यापीठातून रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पुढे आपल्याच प्राध्यापकांची मुलगी सेलिन स्वार्ट्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८८९ मध्ये प्रवासी शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले आणि तिथलेच झाले.

तिथे त्यांनी वेलॉक्स नावाचा फोटो छापण्याचा कागद तयार केला. तोपर्यंत फोटो छापायला सूर्यप्रकाश लागायचा, या कागदावर दिव्याच्या उजेडातही काम व्हायचं. १८९९ मध्ये ईस्टमन कोडॅकने हा व्यवसाय मोठी रक्कम देऊन विकत घेतला. चाळिशीच्या आधीच बेकलँड श्रीमंत झाले. न्यूयॉर्कजवळच्या योंकर्समध्ये त्यांनी घर घेतलं आणि तिथेच स्वतःची प्रयोगशाळा थाटली.

भारतातल्या लाखेशी काय संबंध?

त्या काळात शहरोशहरी वीज पोहोचत होती. तारा आणि यंत्रांमधून विजेची गळती होऊ नये म्हणून शेलॅक वापरलं जायचं. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणारे बारीक किडे ती तयार करतात आणि तिचा मोठा पुरवठा भारतातून व्हायचा. मागणी वाढत होती, पण किड्यांकडून मिळणाऱ्या मालाला मर्यादा होती. याला कारखान्यात बनणारा पर्याय शोधायचा, असं बेकलँड यांनी ठरवलं.

शोध कसा लागला?

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड ही दोन रसायनं एकत्र आली की चिकट, घट्ट राळ तयार होते, हे १८७२ पासून माहीत होतं. ती राळ भांड्याला चिकटून बसायची, म्हणून बहुतेक संशोधक तिच्याकडे कटकट म्हणून बघायचे. बेकलँड यांनी उष्णता आणि दाब दोन्हींवर नियंत्रण ठेवण्यासाठी लोखंडाचं बंद पात्र बनवलं. एका अर्थाने तो मोठा प्रेशर कुकरच. त्यातून कडक, चकचकीत आणि वीज न वाहणारा पदार्थ बाहेर पडला. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९०९ मध्ये शोध जाहीर केला आणि १९१० मध्ये कंपनी सुरू केली. रेडिओ, टेलिफोन, मोटारींचे सुटे भाग, दागिने अशा असंख्य वस्तू त्यातून बनू लागल्या. १९२४ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले.

हे प्लास्टिक वेगळं का?

प्लास्टिकचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक भाकरीसारखं: एकदा भाजलं की त्याचं पुन्हा पीठ होत नाही. बॅकेलाईट या प्रकारात येतं. तापवलं तरी ते वितळत नाही, म्हणून गरम कुकरलाही चालतं. दुसरं मेणासारखं: तापवलं की मऊ होतं, हवा तो आकार घेतं. कॅरीबॅग आणि पाण्याच्या बाटल्या या प्रकारातल्या.

बॅकेलाईटही निर्दोष नव्हतं. त्याची रसायनं घातक होती, काही प्रकारांत ॲस्बेस्टॉस मिसळलं जायचं आणि ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही. पण त्याचा स्विच वर्षानुवर्षं भिंतीवर राहायचा.

मग ‘वापरा आणि फेका’ कधी आलं?

बेकलँड यांनी १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकली. उतारवयात ते एकटे राहू लागले आणि डब्यातलंच अन्न खायचे, असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

तोपर्यंत मेणासारखं प्लास्टिक येऊन पोहोचलं होतं. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये सापडलेलं पॉलिथिन दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलसाठी वापरलं गेलं. युद्ध संपल्यावर त्यासाठी नवी गिऱ्हाइकं हवी होती. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लाइफ मासिकाने वापरून फेकायच्या वस्तू हवेत उधळणाऱ्या कुटुंबाचा फोटो छापला. भांडी घासायची कटकट गेली, असा त्याचा सूर होता. १९६५ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीला एकसंध प्लास्टिक पिशवीचं अमेरिकी पेटंट मिळालं.

आज नियम काय आहेत?

महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. देशभरात १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, प्लास्टिकच्या प्लेट, ग्लास, चमचे, प्लास्टिकच्या काडीचे इअरबड अशा वस्तूंवर बंदी आहे. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगही चालत नाहीत.

या गोष्टीतून काय घ्यायचं?

बेकलँड यांच्या काळात पदार्थ टिकाऊ होता आणि वस्तूही टिकाऊ होती. नंतर पदार्थ तसाच टिकाऊ राहिला, पण वस्तूचं काम काही मिनिटांवर आलं. भाजीवाल्यापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांसाठी आपण शेकडो वर्षं न कुजणारी पिशवी घेतो. त्यामुळे कुकरचं हँडल बदलायची घाई नको. बाजारात जाताना कापडी पिशवी, प्रवासात स्टीलची बाटली आणि पार्सल आणताना घरचा डबा, एवढी सवय लागली तरी रोजच्या कचऱ्यातलं बरंच प्लास्टिक कमी होतं.