काळ्या खिडकीमागचा माणूस

सी भाषेच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला तुम्ही काय केलंत, आठवा. प्रिंटएफ लिहिलं, रन केलं आणि काळ्या खिडकीत हॅलो वर्ल्ड उमटलं. पण ‘प्रिंट’ का? कागद तर कुठंच नसतो!

त्यासाठी डेनिस रिचीला भेटायला हवं.

जन्म ९ सप्टेंबर १९४१, अमेरिकेत. वडील बेल लॅब्जमध्ये. हार्वर्डमध्ये आधी फिजिक्स, मग उपयोजित गणित. पीएचडीचा प्रबंध लिहिला, पण पदवी काही पदरात पडली नाही. १९६७ मध्ये तोही बेल लॅब्जमध्ये गेला आणि तिथंच रमला.

१९६९ मध्ये केन थॉम्पसननं एका जुन्या पीडीपी-७ मशीनवर युनिक्स सुरू केलं. रिची सोबतीला होताच. अडचण एकच. युनिक्स असेंब्लीत होतं, म्हणजे मशीन बदललं की सगळं पुन्हा लिहा! थॉम्पसनची ‘बी’ भाषा होती, पण तिच्यात डेटा टाइपच नव्हते. रिचीनं तिच्यातूनच सी घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा सीमध्ये लिहिला गेला.

तेव्हाचं टर्मिनल म्हणजे टेलिटाइप. टाइपरायटरसारखं यंत्र, अक्षरं खरोखर कागदावर ठोकणारं. म्हणून प्रिंट! आणि ‘एफ’ म्हणजे फॉरमॅटेड. टक्क्याच्या चिन्हापुढे डी लिहिला की पूर्णांक, एस लिहिला की स्ट्रिंग. मध्ये ५ टाकला की आकडा किमान पाच जागा घेतो, उजवीकडे सरकून बसतो. मार्कांचे रकाने सरळ रांगेत!

गंमत म्हणजे प्रिंटएफ मूळ भाषेत नाहीच, ते लायब्ररीतलं फंक्शन. इनपुट-आउटपुट भाषेबाहेर राहिलं, म्हणून सी आटोपशीर राहिली आणि नव्या मशीनवर नेणं सोपं झालं.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघनसोबतचं त्याचं पुस्तक आलं, तेच तुमचं ‘के अँड आर’. १९८३ मध्ये थॉम्पसनसोबत ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

ऑक्टोबर २०११. स्टीव्ह जॉब्ज गेला, जग हळहळलं. आठवडाभरातच रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडला. एकटाच राहायचा. त्याची बातमी फार थोड्यांनी वाचली. आयफोनची सिस्टिम युनिक्सच्याच घराण्यातली आणि अँड्रॉइडखालचा लिनक्स कर्नलही मुख्यतः सीमध्येच लिहिलेला, तरीही!

सीचा जनक कोण, हा व्हायवातला हमखास प्रश्न. नाव तुम्हाला पाठ होतंच. आता माणूसही लक्षात ठेवा.