६१७४ आणि देवळालीचे मास्तर

मलकापूरच्या स्टँडवर कोल्हापूरच्या एसटीची वाट बघताय? मग वहीचं मागचं पान उघडा. १९०५ ही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, ९५१०. मग चढत्या क्रमाने, ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा, ९३५१ येतील. त्यावर पुन्हा तेच. ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या खेपेला ६१७४. आता ६१७४ वर तेच करा. परत ६१७४! चार अंकांची कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लावा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही इथेच येऊन अडकणार.

हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांचा जन्मही १९०५ चाच, १७ जानेवारीचा, डहाणूत. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ते आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, पण ज्योतिषाचा नाद, त्यामुळे मुलाला आकडेमोडीची गोडी घरातच लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बीएस्सी झाले. पुढे एमएस्सी नाही, पीएचडी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर.

१९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गंमत मांडली. पण आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सगळे पोरखेळ वाटायचे. मास्तरांनी बरंचसं लेखन स्वतःच छापून काढलं. शेवटी १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला नाव कळलं. तेव्हा मास्तर सत्तरीचे होते. १९८६ मध्ये ते गेले.

आता कॉम्प्युटरचं बघा. ०००० पासून ९९९९ पर्यंत, सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर ९,९९० संख्या उरतात. छोटासा प्रोग्रॅम त्या सगळ्या क्षणात तपासतो. चूक नाही, कंटाळा नाही. मास्तरांकडे कागद आणि पेन्सिल. वेगाच्या शर्यतीत ते पहिल्याच मिनिटाला हरले असते.

पण हे तपास, असं त्या प्रोग्रॅमला आधी कुणीतरी सांगावं लागतं. त्याच्यासाठी ६१७४ आणि ६१७५ सारखेच. ६१७४ पुन्हा पुन्हा आला की दचकतो, हातातला चहा विसरतो आणि असं का होतंय म्हणून हट्टाला पेटतो, तो माणूस. आजचं एआय ॲप विचारलं तर नवे प्रश्नही ढिगाने काढून देतं, हे मान्य. पण त्यातल्या एकासाठी पगारातले पैसे आणि निम्मं आयुष्य घालावं, असं त्याला वाटत नाही. मास्तरांना वाटलं, आणि लोक हसत असतानाही वाटत राहिलं.

म्हणून असाइनमेंटचं उत्तर ॲपने दोन सेकंदांत दिलं की खट्टू होऊ नका. आपली पाळी प्रश्नापासून सुरू होते.

एसटी अजून आली नाही ना? मग हाच खेळ तीन अंकांवर करा. कुठे अडकताय ते बघा. मोबाइल खिशातच राहू द्या.