हिस्लॉपसाहेब गेले, काम राहिले

सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजात आपल्यापैकी अनेक जण शिकले. पण ज्यांचे नाव त्याला आहे, त्यांची हकिगत मी फार उशिरा वाचली.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले, तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर मदतीला आले. हिस्लॉप आधीपासूनचे, प्रमुख. तरी हंटरना त्यांनी हाताखालचा माणूस मानले नाही. नागपूरभोवतीचे खडक आणि जीवाश्म दोघांनी मिळून पाहिले. १८५५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधावर दोघांचीही नावे आहेत. मला यातच त्यांचे मोठेपण दिसते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. वय अवघे ४५. आदिवासी समाजांविषयीची त्यांची टिपणे अपुरीच होती. रिचर्ड टेंपल यांनी ती १८६६ मध्ये छापून आणली. शाळाही थांबली नाही. वीस वर्षांनी, १८८३ मध्ये, मिशनने त्यांच्या नावाचे कॉलेज सुरू केले.

प्रमुखाची परीक्षा तो नसताना होते, असे मला वाटते. गॅदरिंगची सारी जबाबदारी आमच्यावर सोपवून पडद्यामागे उभे राहणारे आपले सर आणि बाई याच जातीचे. त्यांच्यातले काही आज आपल्यात नाहीत. पण ही स्मरणिका त्यांच्याच विद्यार्थ्यांनी काढली आहे.