डोंगराचे पाणी जाणणारा मलिक अंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. बिडकीनच्या सपाट काळ्या रानात वाढले. डोंगर म्हणजे दूरची निळी रेघ, एवढेच ठाऊक. उन्हाळ्यात विहीर आटली की आई हंडे घेऊन निघे. त्या हंड्यांचा आणि डोंगराचा काही संबंध असेल, हे मनातही आले नव्हते. तो संबंध मला मलिक अंबरच्या चरित्राने शिकवला.

अंबरचा जन्म सुमारे १५४८ सालचा, इथिओपिया या डोंगराळ देशातला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. या हातातून त्या हातात जात दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि शिपाईगिरी करू लागला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतले, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील वारस गादीवर बसवून राज्य सावरले. पुढे पाव शतक डोंगरदऱ्यांच्या आश्रयाने, मराठा स्वारांच्या साथीने तो मोगलांशी झुंजला.

१६१० साली त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जागा खडकाळ, खाम नदी लहान. अंबरने उत्तरेच्या डोंगरांकडे पाहिले. डोंगर पावसाचे पाणी पोटात जिरवतो व सावकाश पाझरतो, हे त्याने ओळखले. १६१७ च्या सुमारास हर्सूलच्या बाजूने जमिनीखालून नहर आणली. हवेसाठी व सफाईसाठी जागोजाग तोंडे ठेवली. मोट नाही, बैल नाही. नुसत्या उतारावर पाणी शहरात आले. १६२६ साली तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे.

आज शहराला पैठणच्या जायकवाडीचे पाणी पंपाने चढवावे लागते. नहरेचे कितीतरी भाग गाळाने व बांधकामांनी बुजले आहेत. मुरमासाठी टेकड्या पोखरल्या जात आहेत.

सुट्टीत ही हकीकत मी वडिलांना सांगितली. ते शाळेत गेलेले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, की डोंगरच राहिला नाही तर नहर दुरुस्त करून तिच्यात पाणी कुठून येणार? मला उत्तर देता आले नाही. शिकलेल्या आपण सर्वांनी ते शोधायला हवे.