सातासमुद्रापलीकडचे मराठी कवी

विद्यार्थी मित्रांनो, घरी एक बोली, शाळेत दुसरी भाषा आणि बाजारात तिसरी, हा अनुभव तुम्हांला नवा नाही. तुमच्यापैकी कुणी अम्मीशी दखनीत बोलतो, तर कुणी कोकणीत. वर्गात तुम्ही उर्दू वाचता. एस.टी.चे तिकीट काढताना किंवा दवाखान्यात केसपेपर काढताना मराठी बोलावे लागते. मराठी बोलताना जीभ अडखळते. उर्दूत मुज़क्कर आणि मुअन्नस अशी दोनच लिंगे, पण मराठीत तो आणि ती यांच्याबरोबर ते हे तिसरेही येऊन बसते! मग मनात येते, ही भाषा आपल्याला कधी तरी नीट येईल का?

आज तुम्हांला अशा एका माणसाची ओळख करून द्यायची आहे, ज्यांनी वयाच्या तिशीपर्यंत मराठीचा एक शब्दही ऐकला नव्हता. पुढे त्यांनीच मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत झाले. त्या काळी इंग्लंडच्या गादीवर राणी एलिझाबेथ होती. राज्याचा धर्म प्रॉटेस्टंट होता आणि जुन्या कॅथलिक पंथाच्या लोकांवर कडक नजर होती. स्टीफन्स हे कॅथलिक. थॉमस पाउंड नावाच्या मित्राबरोबर त्यांनी रोमला जाऊन धर्मसेवक व्हायचे ठरवले. परंतु निघण्याच्या वेळी पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र निसटले. १५७५ साली रोममध्ये ते जेझुइट या ख्रिस्ती संघात दाखल झाले. मायदेशाचा दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला होता. पुढे त्यांनी हिंदुस्थानात जायचे ठरवले.

४ एप्रिल १५७९ रोजी त्यांचे जहाज पोर्तुगालच्या लिस्बन बंदरातून निघाले. त्या वेळी सुएझचा कालवा नव्हता, वाफेची जहाजे नव्हती. सगळा भरवसा वाऱ्यावर. आफ्रिका खंडाला वळसा घालून यावे लागे. उत्तर-दक्षिण अंतर सूर्याच्या व ताऱ्यांच्या उंचीवरून मोजता येई, पण पूर्व-पश्चिम किती आलो हे समजायला खात्रीचे साधन नव्हते. खलाशी पाण्याचा रंग, तरंगणाऱ्या फांद्या, पोहणारे साप आणि उडणारे पक्षी पाहून किनाऱ्याचा अंदाज बांधत. स्टीफन्स यांचे जहाजही एकदा असेच चुकले. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत असताना ते प्रत्यक्षात अरबस्तानाजवळच्या सोकोत्रा बेटाच्या बाजूला होते. ताजे अन्न नसल्यामुळे हिरड्या सुजण्याचा रोग पसरला. दीडशेच्या आसपास लोक आजारी पडले. त्यांपैकी २७ जण वाटेतच वारले. अखेर २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागले. या प्रवासाची हकिकत स्टीफन्स यांनी वडिलांना पत्राने कळवली. दहा वर्षांनी ते पत्र इंग्लंडमध्ये प्रवासवर्णनांच्या एका ग्रंथात छापले गेले. हिंदुस्थानात येऊन राहिलेला पहिला इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स यांचेच नाव घेतात.

आता त्या वेळचा गोवा कसा होता ते पाहू. १५१० साली पोर्तुगीजांनी विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकून घेतले आणि तेथील मुसलमानांची मोठी कत्तल केली. पुढे साष्टी आणि बारदेश हे प्रांतही त्यांच्या ताब्यात गेले. तेथे अनेक देवळे पाडली गेली, हिंदू लोकांचे ग्रंथ जप्त झाले. १५६० पासून इन्क्विझिशन नावाचे कठोर धर्म-न्यायालयही तेथे सुरू झाले होते. मित्रांनो, ही गोष्ट लपवून स्टीफन्स यांचे चरित्र सांगता येणार नाही. धर्मासाठी स्वतःचा देश सोडावा लागलेला हा तरुण अशा ठिकाणी येऊन पोहोचला होता, जेथे त्यांच्याच पंथाचे राज्यकर्ते दुसऱ्यांच्या धर्मावर जुलूम करीत होते.

गोव्यात धर्मगुरूची दीक्षा मिळाल्यावर स्टीफन्स यांना साष्टी प्रांतात पाठवण्यात आले. मडगाव, राचोल हा भाग त्याच प्रांतातला. नारळीची झाडे, भातशेती, चार महिने कोसळणारा पाऊस, सगळेच त्यांना नवे होते. इंग्रजी समजणारे तेथे कोणी नव्हते. अधिकाऱ्यांशी बोलायला पोर्तुगीज चाले, पण शेतात राबणारी, मासळी विकणारी, मुलांना अंगाई गाणारी माणसे कोकणी बोलत. आणि ग्रंथ वाचायची वेळ आली की पुराणे, ओव्या, कथा असत मराठीत. म्हणजे बोलण्याची भाषा एक आणि पोथीची दुसरी! दुभाष्याला बरोबर घेऊन काम भागले असते. अनेक जण तसेच करीत. स्टीफन्स यांनी मात्र दोन्ही भाषा स्वतः शिकायचे ठरवले.

मराठीतले ते हे तिसरे लिंग तुम्हांला जड जाते ना? स्टीफन्स यांना येथे त्यांची लॅटिन उपयोगी पडली. लॅटिनमध्येही तीन लिंगे असतात, नामाला विभक्ती लागते आणि क्रियापद काळाप्रमाणे बदलते. शिकता शिकता त्यांच्या लक्षात आले, की या देशातील भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक भाषांशी मिळतीजुळती आहे. १५८३ साली आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही गोष्ट नोंदवली. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एक असावा, असे विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याला मांडले ते १७८६ साली, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी. एक भाषा चांगली येत असेल तर ती दुसरीसाठी पायरी होते, हे स्टीफन्स यांच्या उदाहरणावरून दिसते.

त्याच १५८३ साली त्यांच्यावर मोठा कठीण प्रसंग आला. रुडॉल्फ अक्वाविवा हे त्यांचे सहकारी. हे नाव तुम्ही इतिहासाच्या तासाला कदाचित ऐकले असेल. बादशहा अकबराने फतेहपूर सिक्रीच्या इबादतखान्यात निरनिराळ्या धर्मांच्या विद्वानांना चर्चेसाठी बोलावले होते, त्यांत हे अक्वाविवा होते. तेथून परत येऊन दोन-तीन महिनेही झाले नव्हते. जुलै महिन्यात ते काही साथीदारांसह साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी गेले. देवळे पाडली गेल्यामुळे गाव आधीच संतापलेले होते. चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या या मंडळींवर लोक चालून गेले. पाच जेझुइट आणि त्यांच्याबरोबरची काही माणसे ठार झाली. पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला. गावच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून मारून टाकण्यात आले. साथीदारांची प्रेते मिळवून त्यांचे दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्यावर आले.

कल्पना करा, आपल्या जवळच्या माणसांना ज्या लोकांनी मारले, त्यांच्याच शेजारच्या गावांत पुढचे सारे आयुष्य काढायचे! स्टीफन्स यांनी साष्टी सोडली नाही आणि त्या लोकांची भाषा शिकणेही सोडले नाही. उलट पुढची पस्तीस वर्षे ते बहुतेक तेथेच राहिले.

त्याच वर्षाच्या शेवटी आणखी एक घटना घडली. जॉन न्यूबरी, राल्फ फिच आणि त्यांचे दोन सोबती, असे चार इंग्रज हेर समजून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. ते प्रॉटेस्टंट देशाचे लोक. पण स्टीफन्स यांनी पंथ पाहिला नाही. त्यांच्या खटपटीने जामीनदार उभे राहिले आणि ते चौघे सुटले. फिच पुढे हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि मलाक्का पाहून १५९१ साली लंडनला परतले. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन करताना व्यापाऱ्यांनी त्यांच्या माहितीचा उपयोग केला.

आता स्टीफन्स यांच्या मोठ्या कामाकडे वळू. साष्टीत नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण होती. त्यांच्या जुन्या पोथ्या हिरावून घेतल्या होत्या. पूर्वी संध्याकाळी घरात पुराण वाचले जाई, ओव्या गायल्या जात. आता त्याऐवजी हातात काय उरले? प्रश्न आणि उत्तरे पाठ करायची छोटी पुस्तके. आम्हांला आमच्या पुराणांसारखे गोड काही वाचायला का देत नाही, असा प्रश्न एक ब्राह्मण विचारतो, असा प्रसंग स्टीफन्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच घातला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे त्यांचे ख्रिस्तपुराण.

बायबलमधील कथा त्यांनी ज्ञानेश्वरांपासून चालत आलेल्या ओवी छंदात सांगितल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. आदम आणि हव्वा यांच्यापासून पहिला भाग सुरू होतो. दुसऱ्या भागात हजरत ईसा यांचे, म्हणजे येशू ख्रिस्ताचे चरित्र आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले, कारण ऐकणाऱ्यांना तोच शब्द जवळचा होता. ग्रंथाची भाषा मराठी असली तरी तिच्यात कोकणी शब्द जागोजागी भेटतात. आरंभी मराठीची स्तुती आहे. रत्ने, फुले, सुगंध, पक्षी आणि झाडे यांत जे जे सर्वांत उत्तम, तसे भाषांमध्ये मराठीचे स्थान, असे हा इंग्रज कवी मोठ्या प्रेमाने सांगतो.

पण ग्रंथ लिहिणे एक आणि छापणे दुसरे. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. तेथे खिळे होते ते रोमन लिपीचे. युरोपच्या लिपीला चोवीस अक्षरे पुरत. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे साचे लागतील, असा अंदाज होता. १६०८ साली स्टीफन्स यांनी रोममधील आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून सांगितले, की हे साचे दोनशेपर्यंत कमी करता येतील, तेव्हा लोकांच्याच लिपीत पुस्तके छापू द्यावीत. ती इच्छा पुरी झाली नाही. उर्दू वाचणाऱ्यांना ही अडचण चटकन समजेल. नस्तालीक लिपीचे खिळे नीट जमले नाहीत म्हणून संगणक येईपर्यंत आपली पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिब हातानेच लिहीत असत. स्टीफन्स यांनी दुसरी वाट काढली. ट, ड, ण, ळ हे उच्चार दाखवण्यासाठी रोमन अक्षर दोनदा लिहायचे, असे नियम वापरून त्यांनी मराठी शब्द रोमन लिपीत बसवले. १६१६ साली राचोल येथे ख्रिस्तपुराण छापले गेले.

त्यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. १६१९ साली, वयाच्या सुमारे सत्तराव्या वर्षी, फादर स्टीफन्स गोव्यातच वारले. चाळीस वर्षांत ते मायदेशी एकदाही गेले नाहीत. त्यांचे कोकणीतील धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली आणि व्याकरण १६४० साली, त्यांच्या मागे छापले गेले. भारतीय भाषेच्या छापील व्याकरणांत ते अगदी पहिले मानले जाते.

यानंतर काय झाले, तेही ऐका. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की गोव्याच्या लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकात तीन आवृत्त्या निघाल्या होत्या, पण त्यांची एकही छापील प्रत आज सापडत नाही. ग्रंथ वाचला तो लोकांमुळे. त्यांनी त्याच्या नकला हाताने लिहून ठेवल्या. गोव्याहून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही त्या जपल्या. अशा नकलांवरून १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा रोमन लिपीत छापला गेला. १९५६ साली पुण्यात देवनागरी लिपीत त्याची आवृत्ती निघाली. स्टीफन्स यांनी पत्रात मागितलेली गोष्ट अशी साडेतीनशे वर्षांनी मिळाली!

मित्रांनो, भाषा कुणा एका जातीची किंवा धर्माची मिरास नसते. स्टीफन्स गेल्यावर काही वर्षांनी, १६४५ साली, श्रीगोंद्याच्या शेख महंमद यांनी योगसंग्राम हा ओवीबद्ध ग्रंथ पूर्ण केला. एक इंग्रज पाद्री आणि एक मुसलमान संत, दोघांनाही मराठीने आपले म्हटले. दोघांनी तिच्यासाठी मेहनत केली होती. तुमच्या वहीत आज मराठीच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने भरल्या असतील, तरी त्यांची लाज वाटू देऊ नका. त्या दुरुस्त करा आणि पुढचे पान उलटा. राचोलच्या त्या परदेशी माणसानेही कधी तरी अ, आ, इ पासूनच सुरुवात केली होती.