विश्लेषण : नौदलाने हाकललेला कॅप्टन सागरी कादंबऱ्यांचा नायक कसा झाला? कोण होता थॉमस कॉक्रेन?

पॅट्रिक ओब्रायन या लेखकाच्या ऑब्री-मॅच्युरिन कादंबरीमालिकेचे चाहते जगभर आहेत. १९६९ ते १९९९ या काळात या मालिकेचे २० भाग आले. एकविसावा भाग लेखकाच्या निधनामुळे अपुरा राहिला आणि २००४ मध्ये तसाच प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये रसेल क्रो याची भूमिका असलेला ‘मास्टर अँड कमांडर’ हा चित्रपट आला आणि वाचकांची नवी पिढी या मालिकेकडे वळली. नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन जॅक ऑब्री आणि त्याचा डॉक्टर मित्र स्टीफन मॅच्युरिन यांची ही गोष्ट. चाहते एकत्र आले की एक प्रश्न हमखास निघतो. यातले खरे किती? उत्तर शोधताना प्रत्येक जण एकाच नावाशी येऊन थांबतो. ते नाव म्हणजे थॉमस कॉक्रेन. हा माणूस नेमका कोण होता, त्याच्यावर घोटाळ्याचा ठपका का बसला आणि तो खरोखर दोषी होता का, ते पाहू.

कॉक्रेनची पार्श्वभूमी काय?

थॉमस कॉक्रेनचा जन्म १४ डिसेंबर १७७५ रोजी स्कॉटलंडमधील हॅमिल्टनजवळ झाला. वडील आर्चिबाल्ड हे डंडोनल्डचे नववे अर्ल. घराणे मोठे, पण तिजोरी रिकामी. वडिलांना प्रयोगांचे वेड होते. दगडी कोळशापासून डांबर काढण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी १७८१ मध्ये घेतले. लाकडी जहाजांचे तळ समुद्री किड्यांपासून वाचवायला हे डांबर उपयोगी पडेल, असा त्यांचा हिशेब होता. नौदलाने तेव्हा रस दाखवला नाही. प्रयोगांच्या नादात उरलीसुरली मालमत्ताही गेली. थॉमसने वडिलांकडून दोन गोष्टी घेतल्या. एक यंत्रांची आवड आणि दुसरी पैशांची कायमची चिंता.

काका अलेक्झांडर कॉक्रेन नौदलात अधिकारी होते. त्यांनी पाच वर्षांच्या पुतण्याचे नाव जहाजांच्या हजेरीपटावर चढवून ठेवले होते. त्यामुळे थॉमस १७९३ मध्ये, वयाच्या १७व्या वर्षी प्रत्यक्ष जहाजावर चढला, तेव्हा कागदोपत्री त्याची बरीच वर्षे सेवा झालेली होती. त्या काळात हा प्रकार बेकायदा असला तरी सर्रास चालत असे.

‘स्पीडी’ची लढाई एवढी प्रसिद्ध का?

१८०० मध्ये कॉक्रेनला पहिले जहाज मिळाले, ‘स्पीडी’. हे दोन डोलकाठ्यांचे छोटे जहाज होते आणि त्यावर चार पौंडी गोळे फेकणाऱ्या १४ तोफा होत्या. हिशेब सोपा आहे. एका बाजूला सात तोफा, म्हणजे एका वेळी सुटणारा मारा सात गुणिले चार, २८ पौंड. किलोमध्ये सांगायचे तर जेमतेम पावणेतेरा. एका फैरीचे सगळे गोळे खिशात घालून आपण डेकवर फिरू शकतो, असे कॉक्रेनने पुढे आत्मचरित्रात नोंदवले आहे. केबिनचे छत इतके बुटके होते की सहा फुटांहून उंच असलेल्या कॉक्रेनला दाढी करताना छताच्या झडपेतून डोके बाहेर काढावे लागे.

६ मे १८०१ रोजी बार्सिलोनाजवळ या जहाजाची गाठ ‘एल गॅमो’ या स्पॅनिश युद्धनौकेशी पडली. तिच्यावर ३२ तोफा आणि ३१९ माणसे होती. ‘स्पीडी’वर त्या दिवशी ५४ जण होते. ‘गॅमो’च्या एका फैरीचे वजन जवळपास सातपट होते.

कॉक्रेन पळाला नाही. आधी त्याने अमेरिकेचा झेंडा लावून शत्रूला गोंधळात टाकले. जवळ गेल्यावर ब्रिटिश झेंडा चढवला आणि आपले जहाज थेट ‘गॅमो’च्या कुशीला भिडवले. इथे बुटकेपणाच कामाला आला. ‘गॅमो’च्या तोफा उंचावर होत्या आणि त्यांची तोंडे तेवढी खाली वळत नव्हती. त्यांचे गोळे ‘स्पीडी’च्या डोक्यावरून, शिडांमधून जात राहिले. ‘स्पीडी’च्या तोफा मात्र खालून वर, ‘गॅमो’च्या डेकमध्ये मारा करत होत्या. स्पॅनिश सैनिक उडी मारून चढाई करायला सरसावले की कॉक्रेन जहाज थोडे दूर घेई आणि पुन्हा मारा करी.

शेवटी त्याने सुकाणूवर फक्त डॉक्टर जेम्स गथ्री यांना ठेवले आणि बाकी सगळ्यांना घेऊन ‘गॅमो’वर चढाई केली. काही खलाशी तोंडाला काळे फासून पुढच्या बाजूने चढले. ऐन झटापटीत कॉक्रेनने स्पॅनिश झेंडा उतरवायला एक माणूस पाठवला. झेंडा खाली आलेला पाहून आपल्या कप्तानाने शरणागती पत्करली, असे स्पॅनिश सैनिकांना वाटले आणि त्यांनी हत्यारे टाकली. प्रत्यक्षात त्यांचा कप्तान आधीच मारला गेला होता. ‘स्पीडी’चे तीन जण मेले.

ओब्रायन यांच्या पहिल्या कादंबरीत ‘सोफी’ नावाचे १४ तोफांचे जहाज ३२ तोफांचे ‘काकाफुएगो’ जिंकते. ती लढाई म्हणजे हीच.

कादंबऱ्यांपर्यंत ही गोष्ट पोहोचली कशी?

१८०६ मध्ये कॉक्रेनकडे ‘इम्पेरियूज’ ही मोठी युद्धनौका आली. तिच्यावर फ्रेडरिक मॅरियट नावाचा १४ वर्षांचा मुलगा शिकाऊ अधिकारी म्हणून दाखल झाला. स्पेनच्या किनाऱ्यावरील छापे, रोसास येथील किल्ल्याचा बचाव हे सगळे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे हाच मॅरियट कॅप्टन झाला आणि मग कादंबरीकार. १८२९ मध्ये त्याची ‘फ्रँक मिल्डमे’ ही पहिली कादंबरी आली. ‘पीटर सिंपल’मधील कॅप्टन सॅव्हेज हा कॉक्रेनवरून घेतलेला आहे.

मॅरियटनंतर १९३७ पासून सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअरच्या कथा आल्या आणि त्यानंतर ओब्रायन यांचा ऑब्री. सागरी कादंबरीची ही परंपरा कॉक्रेनच्या डेकवरच्या एका मुलापासून सुरू होते, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

वरिष्ठांशी त्याचे का बिनसले?

त्या काळी पकडलेल्या शत्रूच्या जहाजाची किंमत कॅप्टन, खलाशी आणि अॅडमिरल यांच्यात वाटली जाई. कॉक्रेन या बक्षिसाच्या पैशांवरून सतत भांडत असे. तक्रार करताना समोरचा किती मोठा आहे, हे तो पाहत नसे. १८०७ मध्ये तो वेस्टमिन्स्टरमधून खासदार झाला आणि नौदलातील भ्रष्टाचारावर संसदेत बोलू लागला. सेवेत असलेला अधिकारी आपल्याच खात्याचे वाभाडे काढतो, हे सरकारला मानवणारे नव्हते.

एप्रिल १८०९ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्स येथे कडेलोट झाला. ११ तारखेच्या रात्री कॉक्रेनने दारूने भरलेल्या आणि पेटत्या नौका फ्रेंच ताफ्यावर सोडल्या. घाबरलेल्या फ्रेंचांनी नांगराचे दोर तोडले. ओहोटीत त्यांची बहुतेक जहाजे गाळात रुतली. सकाळी कॉक्रेनने ताफ्याचे प्रमुख लॉर्ड गँबियर यांना पुन्हा पुन्हा निशाणांनी कळवले की हल्ला केला तर सगळा ताफा संपवता येईल. गँबियर जागचे हलले नाहीत. तेव्हा कॉक्रेनने एकट्याचे जहाज आत घातले आणि मदत मागितली. मदत नाकारणे गँबियर यांना शक्य नव्हते. चार मोठी फ्रेंच जहाजे नष्ट झाली, बाकीची सुटली.

संसदेत गँबियर यांच्या आभाराचा ठराव येणार होता. कॉक्रेनने त्याला विरोध करणार असल्याचे जाहीर केले. गँबियर यांनी स्वतःच लष्करी न्यायालयाची मागणी केली आणि ते निर्दोष सुटले. कॉक्रेनला मात्र त्यानंतर कामगिरी मिळणे जवळपास बंद झाले.

शेअर बाजार घोटाळा काय होता?

२१ फेब्रुवारी १८१४ रोजी पहाटे डोव्हर बंदरात लष्करी गणवेशातील एक माणूस उतरला. नेपोलियन मारला गेला, अशी बातमी त्याने दिली. बातमी लंडनला पोहोचली आणि सरकारी रोख्यांचे भाव चढले. दुपारपर्यंत बातमी खोटी निघाली. दरम्यान काही जणांनी चढ्या भावात रोखे विकले होते. त्यात कॉक्रेनचे एक काका होते आणि स्वतः कॉक्रेनही. त्याने त्या दिवशी १ लाख ३९ हजार पौंडांचे रोखे विकले.

तो गणवेशधारी म्हणजे डी बेरेंजर नावाचा माणूस असल्याचे उघड झाले. लंडनला येताच तो थेट कॉक्रेनच्या घरी गेला होता आणि तिथे त्याने कपडे बदलले होते. हा कॉक्रेनविरुद्धचा सर्वात मोठा पुरावा.

बचावाच्या बाजूनेही मुद्दे आहेत. एक टक्का नफा मिळाला की विका, अशी सूचना कॉक्रेनने दलालाला आधीच देऊन ठेवली होती. डी बेरेंजरचे नाव कॉक्रेननेच प्रतिज्ञापत्रात स्वतःहून सांगितले. घरी आला तेव्हा डी बेरेंजरचा कोट हिरवा होता, असे त्याचे म्हणणे. सरकारी पक्षाच्या मते तो लाल, म्हणजे गणवेशाचा होता. खटला बराचसा या कोटाच्या रंगाभोवती फिरला.

जून १८१४ मध्ये न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांच्यासमोर कॉक्रेन दोषी ठरला. एक वर्ष तुरुंगवास, १ हजार पौंड दंड आणि भर चौकात खोड्यात उभे राहण्याची शिक्षा झाली. पुन्हा सुनावणीचा अर्ज फेटाळला गेला, कारण नियमाप्रमाणे सर्व दोषी न्यायालयात हजर असणे आवश्यक होते आणि काका देश सोडून पळाले होते. नौदलातून बडतर्फी, संसदेतून हकालपट्टी झाली. सरदारकीचा सन्मान काढून घेतला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्याचे निशाण पायऱ्यांवरून लाथाडले गेले. खोड्याची शिक्षा तेवढी माफ झाली. वेस्टमिन्स्टरच्या मतदारांनी लगेचच्या पोटनिवडणुकीत त्यालाच बिनविरोध निवडून दिले. पुढे त्याने एक हजार पौंडांच्या नोटेने दंड भरला आणि तिच्या मागे आपला निषेध लिहिला. ती नोट बँक ऑफ इंग्लंडने जपून ठेवली आहे.

दक्षिण अमेरिकेत काय घडले?

मायदेशी दारे बंद झाल्यावर १८१८ मध्ये कॉक्रेन चिलीच्या नौदलाचा प्रमुख म्हणून गेला. चिली तेव्हा स्पेनविरुद्ध स्वातंत्र्यासाठी लढत होता. फेब्रुवारी १८२० मध्ये त्याने सुमारे ३०० माणसांनिशी वाल्दिव्हिया हे अनेक किल्ल्यांनी वेढलेले बंदर घेतले. जहाजात पाणी शिरून दारू भिजली होती. त्यामुळे रात्रीच्या अंधारात, जमिनीच्या बाजूने, मुख्यतः संगिनींच्या बळावर हा हल्ला झाला.

त्याच वर्षी ५ नोव्हेंबरच्या रात्री पेरूतील कायाओ बंदरात, किल्ल्याच्या तोफांखाली उभी असलेली ‘एस्मेराल्डा’ ही स्पॅनिश युद्धनौका त्याच्या माणसांनी होड्यांतून जाऊन पळवली. किल्ल्यावरून मारा होऊ नये म्हणून बंदरातील तटस्थ ब्रिटिश आणि अमेरिकी जहाजांनी ओळखीचे दिवे लावले होते. कॉक्रेनने ‘एस्मेराल्डा’वरही तसेच दिवे चढवले. किल्ल्यातील गोलंदाजांना कोणावर मारा करावा ते कळेना.

१८२३ मध्ये तो ब्राझीलच्या नौदलात गेला. मारान्याओ येथे एकटे जहाज घेऊन पोहोचला आणि मागून मोठा ताफा येत असल्याची बतावणी करून पोर्तुगीज फौजेला शरण आणले. मात्र पैशांचे भांडण इथेही सुटले नाही. खलाशांचे पगार थकले म्हणून त्याने पेरूत सेनापती सान मार्टिनचा खजिना ताब्यात घेतला. ब्राझीलमधूनही थकबाकीपोटी मारान्याओच्या तिजोरीतील रक्कम घेतली आणि १८२५ मध्ये परवानगीशिवाय एक युद्धनौका घेऊन ब्रिटन गाठले. ग्रीसमधील पुढची कामगिरी फारशी यशस्वी झाली नाही.

सन्मान परत मिळाला का?

मिळाला, पण अर्धवट. १८३१ मध्ये वडील वारले आणि कॉक्रेन दहावा अर्ल झाला. १८३२ मध्ये त्याला माफी मिळून नौदलात परत घेतले गेले. मधे १८ वर्षे गेली होती. व्हिक्टोरिया राणीने १८४७ मध्ये काढलेला सन्मान परत दिला. पण माफी म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. १८१४ चा निकाल कधीच रद्द झाला नाही.

या काळात त्याचे यंत्रांचे वेड चालूच होते. पाण्याखालच्या खोदकामात पाणी रोखण्यासाठी दाबाखालची हवा वापरण्याचे पेटंट त्याने १८३० मध्ये घेतले. नदीखालचे बोगदे आणि पुलांचे पाये यांच्या कामात ही कल्पना पुढे रूढ झाली. गंधकाच्या धुराने शत्रूला हैराण करण्याची त्याची योजना मात्र सरकारने दडपून ठेवली. ती १९०८ मध्ये उजेडात आली.

३१ ऑक्टोबर १८६० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला दफन करण्यात आले. आदल्या दिवशी राणीच्या आदेशाने त्याचे निशाण पुन्हा जागेवर लावले गेले. चिलीचे नौदल आजही दर मे महिन्यात त्याच्या समाधीवर पुष्पचक्र वाहते.

कादंबरीत आणि वास्तवात फरक काय?

‘द रिव्हर्स ऑफ द मेडल’ या १९८६ च्या भागात ऑब्री याच घोटाळ्यात अडकतो. तिथे तो प्रत्यक्ष खोड्यात उभा राहतो आणि जमलेले खलाशी टोप्या काढून त्याला मान देतात. मालिकेतील हा प्रसंग अनेक चाहत्यांना तोंडपाठ आहे. ऑब्री निर्दोष आहे, हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते आणि त्याला नौदलात परतायला १८ वर्षे लागत नाहीत. ऑब्री जमिनीवर भोळा आणि स्वभावाने दिलदार आहे. कॉक्रेन हट्टी, संशयी आणि पैशांच्या बाबतीत काटेकोर होता.

कॉक्रेन दोषी होता की नव्हता, यावर इतिहासकारांत आजही दोन तट आहेत. काकांनी त्याला अंधारात ठेवले, असे एक गट मानतो. दुसऱ्या गटाला पुरावा पुरेसा वाटतो. चाहत्यांच्या गप्पांतही हा वाद मिटत नाही.

मालिका वाचायची असेल तर सुरुवात ‘मास्टर अँड कमांडर’पासून करावी. ‘एचएमएस सरप्राइज’ या १९७३ च्या तिसऱ्या भागात कथा मुंबईत येते, त्यामुळे मराठी वाचकाला तो जवळचा वाटेल. त्या काळची युद्धनौका कशी होती हे पाहायचे असेल, तर १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभी आहे.